आखूड पायाची दुर्बीण

डेअरीत किस्से साठतात, त्याला इलाज नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव हातात किटल्या घेऊन रांगेत उभं राहतं आणि रांगेतल्या माणसाला बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं. दूध टँकरमधून निघून जातं, बोललेलं मागं राहतं. मी बोरी बुद्रुकच्या आमच्या डेअरीत बरीच वर्षं फॅट काढायच्या मशीनवर बसलो. दुधात पाणी किती ते मशीन सांगायचं. बोलण्यात किती, ते मला आपोआप कळायला लागलं. खाली सांगतोय त्यात पाणी नाही. थोडं सापडलंच, तर ते रांगेतल्या तात्यांच्या वाटचं समजा.

हे सगळे किस्से एका दुर्बिणीचे आहेत. डेअरीत दुर्बीण कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं होतं.

डेअरीसमोर कांतीलालशेठचं सरकी पेंडीचं दुकान. शेठचे पूर्वज राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्यापेक्षा चांगल्या मराठीत भांडायचे. त्यांच्या पुण्यातल्या भाच्याला आकाश बघायचा नाद लागला होता. वर्षभरात तो नाद सुटला आणि नव्वदचं दशक संपता संपता एका संध्याकाळी पेंडीच्या टेम्पोतून, पोत्यांच्या मधोमध, एक लांबलचक खोकं आलं. शेठ म्हणाले, "भाच्याचं झालं बघून. आता आपण बघू."

आपण म्हणजे चौघं. शेठ, मी, शेजारचा मोटार रिवाइंडिंगवाला शिवा मिस्त्री आणि डेअरीचं रजिस्टर लिहिणारी माझी धाकटी बहीण सुमन.

सुमनचं आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगताना माझा आवाज बदलतो. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळं तिच्या लग्नाचं माझ्याकडं आलं. पोरगी हुशार, बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. पण पत्रिकेत मंगळ. खोकं आलं तेव्हा तीन स्थळं परत गेली होती. आई दर मंगळवारी उपास करायची आणि मी दर मंगळवारी मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

* * *

खोक्यात एक इंग्रजी पुस्तिका होती. सुमन डिक्शनरी घेऊन ती वाचायला बसली. शिवाला एवढा धीर कुठला? तो म्हणाला, "मिस्त्रीला पुस्तक दावणं म्हंजे अपमान हाय, राव." त्यानं पंधरा मिनिटांत दुर्बीण उभी केली. दोन स्क्रू उरले, ते त्यानं खिशात टाकले.

चंद्र चांगला वर आलेला. संध्याकाळचं दूध घालून झालेलं. पहिला मान तात्यांचा, कारण रांगेत पहिला नंबर त्यांचा असतो आणि तो त्यांनी वडिलांकडून घेतला आहे, असं ते मानतात. तात्या गुडघ्यावर हात ठेवून नळीच्या खालच्या टोकाशी वाकले. एक डोळा मिटला. रांग पुढं सरकली.

"दिसतंय का, तात्या?"

"दिसतंय की."

"काय दिसतंय?"

तात्यांनी आणखी थोडा वेळ नीट बघितलं. "अंधार," ते म्हणाले. "पन लई लांबचा हाय."

त्यानंतर रांगेतल्या आठ-दहा जणांनी तो लांबचा अंधार बघितला आणि माना डोलवल्या. तोवर सुमन चौथ्या पानावर पोचली होती. या दुर्बिणीला डोळा लावायची जागा वर, नळीच्या बाजूला असते. खालच्या टोकाला नुसतं बूड असतं, आत आरसा बसवलेला. वर, चंद्राकडच्या तोंडावर झाकण तसंच होतं. म्हणजे चंद्राला आत यायला दार नव्हतं आणि तात्यांना बघायला खिडकी नव्हती.

शिवानं मात्र तोपर्यंत निदान करून टाकलं होतं. "कॉइल जळलीय."

मी म्हणालो, "शिवा, ह्यात कॉइल नसते."

"मग जळली कशी?"

* * *

झाकण निघालं आणि चंद्र दिसला. पण नळीला बोट लागलं की ताटातल्या खरवसासारखा थरथरायचा. शिवानं तिन्ही पायांच्या मधल्या आकड्याला पाण्यानं भरलेला दुधाचा कॅन टांगला. त्या वजनानं दुर्बीण जमिनीला घट्ट बसली. पुस्तिकेतही पुढं असंच काहीतरी लिहिलेलं निघालं, तेव्हापासून शिवा आमच्याशी वेगळ्याच आवाजात बोलायला लागला.

त्याच भरात त्यानं दुसरं काम केलं. डेअरीच्या अंगणाला उतार होता, त्यामुळं दुर्बीण कलायची. शिवानं उतार मोजला आणि वरच्या बाजूचा पाय टोकाच्या रबरासकट चांगला बोटभर कापला. दुर्बीण ओळंब्यात उभी राहिली. आम्ही त्याला चहा पाजला.

पुढच्याच महिन्यात डेअरीनं अंगणात काँक्रीट टाकून घेतलं. अगदी लेव्हलमध्ये.

तेव्हापासून ती दुर्बीण लंगडी झाली. आखूड पायाखाली आम्ही फॅटच्या चिठ्ठ्यांच्या पुडक्याचा पुठ्ठा दुमडून घालायचो. पुठ्ठा विसरला की दुर्बीण कलायची, बिनरबराचं टोक जमिनीवर थरथरायचं आणि आकाश नाचायचं. शिवाला विचारलं की तो म्हणायचा, "उद्या रबर बसवतो." हा उद्या पाच वर्षं चालला.

* * *

गंगूमावशी आमच्या डेअरीत सगळ्यात कमी दूध घालणाऱ्या. एक शेळी आणि एक गाय, त्यातली गाय आटत आलेली. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या, चेहराभर वण. फोटो काढायची वेळ आली की त्या पदर ओढून मागच्या रांगेत जायच्या. नवऱ्यानं वर्षाच्या आत माहेरी आणून सोडलं, ते कायमचं. कारण कुणी कधी विचारलं नाही, कारण ते चेहऱ्यावर दिसतच होतं.

त्या दुर्बिणीजवळ यायच्याच नाहीत. सुमननं एकदा हाताला धरून आणलं. "मावशी, चंद्र बघा. डोळा इथं. हात लावू नका."

गंगूमावशींनी बघितलं. अर्धा चंद्र होता, त्यावरचे खड्डे अशा वेळी फार ठसठशीत दिसतात. लहान खड्डे, मोठे खड्डे, खड्ड्यात खड्डे. त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मागून तात्या म्हणाले, "उरका, मागं मान्सं हायेत." तरी हलल्या नाहीत.

मग सावकाश सरळ झाल्या आणि सुमनला म्हणाल्या, "आन् ह्याला सुंदर म्हनत्यात व्हय?"

पुढच्या वर्षी डेअरीच्या सभासदांचा फोटो काढला, त्यात गंगूमावशी पुढच्या रांगेत आहेत. पदर डोक्यावर आहे, पण ओढलेला नाही.

* * *

आता शनीचं. हे सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

एका संध्याकाळी शेठनं नळी फिरवता फिरवता ओरडून सगळ्यांना बोलावलं. "कडं! कडं आहे!" आम्ही बघितलं. खरोखर, उजेडाचं गोल कडं आणि मधे काळा ठिपका. पुस्तिकेत लिहिलं होतं, कडं असलेला तो शनी. झालं. शनी सापडला.

गावात शनी दिसतो म्हटल्यावर काय विचारता! काहींनी चपला काढून बघितलं. काहींनी बघायला साफ नकार दिला, कारण आपण त्याच्याकडं बघितलं की तो आपल्याकडं बघतो. तात्यांना साडेसाती चालू होती. ते शनिवारी तेलाची बाटली घेऊन आले आणि नळीत ओतायला निघाले. शिवानं झडप घालून त्यांना अडवलं. शेवटी तडजोड झाली, दुर्बिणीच्या पायावर थोडं तेल घालायचं आणि उरलेलं शिवाच्या दुकानात बेअरिंगला. असे चार शनिवार झाले. तात्यांची म्हैस व्याली, मुलाची बदली जवळ झाली, आणि तात्या सांगत सुटले की साडेसाती हलकी झाली.

पाचव्या आठवड्यात सुमन रजिस्टर मिटून बाहेर आली आणि एकटीच बघत बसली. थोड्या वेळानं हाक आली. "दादा, इकडं ये. आज सगळ्याच ताऱ्यांना कडी आहेत."

मी बघितलं. ज्या ताऱ्यावर धरावं, त्याला कडं. मग तिनं बाजूची चाकी थोडी फिरवली. कडं लहान होत होत मिटलं आणि तिथं साधा तारा उरला, टाचणीच्या टोकाएवढा. फोकसच लागलेला नव्हता. महिनाभर आम्ही गावाला फोकस गेलेला कुठला तरी तारा दाखवत होतो.

शेठ म्हणाले, "सांगायलाच पाहिजे का?" मी म्हणालो, "आपोआप विसरतील." सुमन म्हणाली, "मी सांगते." आणि दुसऱ्या दिवशी रांगेसमोर उभं राहून तिनं सांगितलं. मग खरा शनी शोधला. एवढासा, पण त्याच्याभोवती कडं असं नाजूक की बघताना श्वास धरावा लागतो. सगळ्यांना पुन्हा दाखवला. तात्या बघून आले आणि बराच वेळ किटलीवर बसून राहिले.

मी म्हणालो, "तात्या, रागावलात का?"

"रागावलो न्हाई," तात्या म्हणाले. "पन मी चार शनवार दुसऱ्याच कुनाच्या तरी पायावर तेल घातलं म्हना की. आता त्यो कोन, त्येवढं तरी शोधून द्या. काम त्येनंच केलंय."

* * *

सहावं स्थळ आळेफाट्याकडचं होतं. माणसं बोलायला गोड. पोहे दोनदा घेतले, सुमनच्या अक्षराचं कौतुक केलं, आईला नमस्कार करून गेले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मुलगी पसंत आहे, पत्रिका जुळत नाही. ही दोन वाक्यं एका कार्डावर शेजारी शेजारी कशी बसतात, मला आजही कळत नाही. मला त्या दिवशी फार राग आला होता. मी मशीनवर बसून तीन जणांचं फॅट चुकवलं.

सुमननं रजिस्टर पूर्ण केलं, बेरजा तपासल्या, आणि दुर्बीण बाहेर काढली. आई डेअरीतच होती.

"कोणाला बघतेस?" मी विचारलं.

"मंगळाला. सहा वेळा नाव ऐकलं, एकदा बघू तरी."

त्या दिवसांत मंगळ लांब होता. सुमननं मला दाखवला तेव्हा नुसता तांबूस कण दिसला. राईचा दाणाही मोठा वाटावा.

आई अंगणाच्या कडेला पाठ करून उभी होती. मी म्हणालो, "आई, ये, बघ." ती वळलीसुद्धा नाही. "मी न्हाई बघायची त्याच्याकडं. सा पोरं परत धाडली मेल्यानं."

सुमननं पुन्हा डोळा लावला. मला वाटलं रडतेय. पण ती म्हणाली, "दादा, हा माझ्याकडं बघतसुद्धा नाहीये."

* * *

आमच्या भागात दुर्बिणीचं नाव काढलं की लोक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांचं सांगतात. शेतातून नुसत्या बघितल्या तरी छाती दडपते. शेठच्या मनात फार दिवस होतं की तिथं जाऊन चौकशी करावी. एकदा पेंडीची डिलिव्हरी त्या बाजूला होती, तर शेठ टेम्पोत बसून जाऊन आले. संध्याकाळी आम्ही विचारलं, "काय म्हणाले?"

शेठ अतिशय खुशीत होते. "त्यांना दिसत काहीच नाही. नुसतं ऐकू येतं. आपल्याला निदान चंद्र दिसतो."

शेठ सूर्यास्तानंतर जेवत नसत. त्यांच्या घराण्यात तो नेम पिढ्यानपिढ्या. पण दुकानाच्या गर्दीत रोजची ओढाताण व्हायची, आणि पश्चिमेला डोंगर. सूर्य डोंगराआड गेला म्हणजे मावळला का, यावर शेठ आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, रोज भांडण. काकूंचं म्हणणं, दिसेना म्हणजे मावळला. शेठ म्हणायचे, डोंगरानं झाकला, मावळला नाही.

सुमननं तोडगा काढला. दुर्बिणीतून सूर्याकडं थेट बघायचं नाही, डोळा जातो. ते तिनं रांगेत प्रत्येकाला दोनदा बजावलं. त्याऐवजी डोळा लावायच्या जागेपुढं पांढरा कागद धरायचा, मग सूर्याचं चित्र कागदावर पडतं. तिनं कागद धरला. शेठ ओट्यावर ताट घेऊन बसले. कागदावर सूर्य डोंगराला टेकला, अर्धा झाला.

काकू दारातून म्हणाल्या, "उठा आता."

"थांब गं," शेठ कागदाकडं बघत घास तोडत म्हणाले. "अजून पाव शिल्लक आहे."

"ताटात दोन पोळ्या आहेत नि आकाशात पाव सूर्य," काकू म्हणाल्या. "हिशेब बसतोय का बघा."

शेठनं एक पोळी परत दिली.

* * *

मग बिबट्याची वर्षं आली. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. उसात बिबटे राहायला लागले होते आणि तालुक्यात काही घरांत लेकरं गेली होती. माणसं उजेड असतानाच दूध घालून घरी पळायची. दुर्बीण कोपऱ्यात झाकून ठेवलेली.

एका दुपारी तात्या धापा टाकत आले. त्यांच्या उसाच्या बांधावर काहीतरी पिवळं हललं होतं. "लांबनं बघता येतंय न्हवं तुमच्यातनं? मग काडा."

आम्ही डेअरीच्या गच्चीवर दुर्बीण नेली. शिवानं बांधावर धरली आणि तो पांढराफटक पडला. "हाय. चारी पायांवर उभा हाय. आपल्याकडंच बघतोय."

खाली जे होते ते टेम्पोत चढले. शेठनं शटर ओढलं. तात्या गच्चीवरच बसले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. मी बघितलं, पिवळं अंग, चार पाय, खरंच उभा.

सुमननं बघितलं. मग तिनं मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, आणि जवळजवळ उलटी होऊन बघितलं. "दादा, ह्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं ना?"

"हो."

"मग जो उभा दिसतोय, तो पाठीवर झोपलेला असणार."

तात्यांचा कुत्रा, मोती. बांधावर उन्हाला पाठीवर पडून, चारी पाय आभाळाकडं करून गाढ झोपला होता. तात्यांनी गच्चीवरूनच हाक मारली. मोती उठला, उभा राहिला, आणि दुर्बिणीत पाठीवर पडला.

त्या दिवसापासून शिवा कुठलीही गोष्ट ठामपणे सांगितल्यावर मान वाकडी करून एकदा तपासायचा. अजूनही तपासतो.

* * *

आता शेवटचा सांगतो.

त्या वर्षी मंगळ जवळ आला होता. पेपरात रोज येत होतं. संध्याकाळ झाली की पूर्वेकडं एवढा लालभडक दिसायचा की न शोधता सापडायचा. आई संध्याकाळी अंगणात यायची बंद झाली.

सातवं स्थळ होऊन गेलं होतं. आठवं डिंभ्याचं. मुलगा रमेश, धरणावर पाटबंधारे खात्यात कामाला. त्याला वडील नव्हते, म्हणून शब्द मामांचा. दसरा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. दसऱ्याला आम्ही आपापली हत्यारं पूजतो. मी फॅटचं मशीन पूजलं, शिवानं पाने आणि पक्कड, आणि सुमननं दुर्बीण घरी आणून तिला झेंडूची माळ घातली होती. ती अजून अंगणातच उभी होती, वाळक्या माळेसकट.

पाहुणे सकाळी अकराला येणार होते. डिंभ्याची सकाळची एसटी आलीच नाही. दुपारची आली, ती घोडेगावात बंद पडली. पुढं मंचर, नारायणगाव, आळेफाटा, आणि तिथून जीप. रमेश, त्याची आई आणि मामा दारात आले तेव्हा आई देवापुढं दिवा लावत होती. पोहे तीन वेळा गरम झाले होते.

बोलणं चांगलं चाललं. रमेशनं सुमनला रजिस्टरचं काम विचारलं, सुमननं धरणातल्या पाण्याचं विचारलं. मग मामा म्हणाले, "पत्रिका बघू." मी दिली. मामांनी चष्मा लावला. मला त्यांच्या बोटावरून कळलं की ते कुठल्या घरावर थांबलंय.

"मंगळ हाय हिला."

त्यांनी चष्मा काढला.

"पावणं, आदी सांगायला पायजे व्हतं," मामा म्हणाले. आवाज चढवून नाही, उलट वाईट वाटल्यासारखं म्हणाले. तेच जास्त लागलं.

मी म्हणालो, "मध्यस्थ बोलले असतील असं वाटलं."

"न्हाई बोलले."

त्यात आता परत जायला गाडी नाही. नकार देऊन झालेला आणि मुक्काम पडलेला, अशी सगळ्यांची अवस्था. आई स्वयंपाकघरात गेली. भांडी उगाच वाजायला लागली. मला आईकडं जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. रमेश तेवढा अंगणात गेला आणि आम्ही पण एकेक करून त्याच्या मागं गेलो, कारण खोलीत बसवेना.

"हे काय आहे?" त्यानं माळ घातलेल्या नळीकडं बघून विचारलं.

"दुर्बीण," सुमन म्हणाली. "बघायचंय का?"

"काय?"

"मंगळ. आज फार चांगला दिसतोय."

मी तिला डोळ्यानं खुणावलं, नको. पण तिनं नळी फिरवली, चाकी फिरवली, बाजूला झाली. रमेशनं डोळा लावला.

"सारखा सरकतोय," तो म्हणाला.

"तो नाही सरकत. आपण फिरतोय."

"मग काय करायचं?"

"थोडं थोडं ढकलायचं. सोबत राहायचं त्याच्या."

रमेश हसला. किती तरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आई, ये गं. बघ." मामांनी हात पाठीमागं बांधले, हातात पत्रिका. "कशाला गं? मंगळ त्यो मंगळच," ते म्हणाले.

रमेशची आई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि वाकली. मी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, भांड्यांचा आवाज थांबला होता. आई दारात उभी होती.

"ह्यो व्हय?" रमेशच्या आईनं नळीतून बघत विचारलं.

"हो, मावशी," सुमन म्हणाली.

"लई लांब हाय की गं."

"फारच लांब आहे."

बाई मामांकडं न बघता म्हणाली, "दादा, आपन सकाळधरनं निगालो तवा आत्ता हितं पोचलो. आन् ह्यो तितनं निगून हिच्या संसारात कवा पोचायचा?"

तिनं पुन्हा डोळा लावला आणि कपाळाला आठी घातली. "पन नाचतोय का ह्यो असा?"

"एक पाय आखूड आहे दुर्बिणीचा," सुमन म्हणाली. "खाली पुठ्ठा ठेवावा लागतो. तो डेअरीतच राहिला." ती इकडं तिकडं काहीतरी शोधायला लागली.

रमेशची आई सरळ झाली. भावाच्या पाठीमागं गेली, त्याच्या हातातली पत्रिका काढून घेतली, एकदा दुमडली, दोनदा दुमडली, अंगठ्यानं घडी दाबली. मग गुडघा टेकून खाली बसली आणि ती घडी आखूड पायाखाली सारली. दुर्बीण हलवून बघितली. हलत नव्हती.

"आता दाव, पोरी."